मामाची रामकी

—विचारलंस! घ्या, केली माती. अरे, विचारलंस कशाला? बेचाळीस वर्षांचा बाप्या झालास, पोर्ट नोलोथच्या शाळेत मास्तर आहेस, अर्ध्या गावाची पोरं तुझ्यापुढे चळाचळा कापतात, आणि मामाच्या घरातली वस्तू उचलायच्या आधी मामाला विचारतोस? ‘मामा, ही रामकी मी घेऊन जाऊ का?’ — काय पण मऊ आवाज काढलास, जसा काही चर्चमधल्या पाळकासमोर उभा आहेस. आता मी काय म्हणू? विचारलंस म्हटल्यावर मला नाहीच म्हणावं लागणार. विचारल्यावर दिली तर ती भीक झाली, फिलेमोन. न विचारता उचलली तर तो भाच्याचा हक्क. इतकं सरळ आहे हे. शेंबडं पोरसुद्धा जाणतं आपल्यातलं, आणि तू मास्तर. बस. बस तिथे, त्या खोक्यावर. हिला हात लावू नकोस आता, विचारून बसलायस ना!

आणि मी गाढव, सकाळपासून ती दाराशी ठेवून बसलोय. तेल लावलं, डबा घासला, वाजवायच्या चारही तारा नव्या घातल्या, ती खालची तर तीनदा बदलली, तारेसाठी घेतलेली गळाची दोरी कच्ची निघाली म्हणून. दारातून आत येणाऱ्याच्या पायात यावी अशी ठेवली होती. — नाही नाही, मुद्दाम कशाला? मुद्दाम कशाला ठेवीन मी? ऊन दाखवायला ठेवली होती. डब्यात ओल जाते, समुद्राकडचा वारा आहे. ऊन! तू लगेच मास्तरासारखा भुवया वर करू नकोस.

तुझ्या आईला आत बोलावू नकोस हं. बसू दे गाडीत. पाय दुखतात तिचे, चढ-उतर कशाला. — किती लांब आहे गाडी? वीस पावलं? बरोबर आहे, वीसच. मी काही मोजली नाहीत. मी थोडा मोठ्याने बोलतो, त्याचं मनावर घेऊ नकोस, म्हातारपणी कान जातात. — माझे नाही रे, माझे चांगले आहेत. तुझे जातायत असं वाटतं, कारण गेला अर्धा तास मी जे सुचवतोय ते तुला ऐकूच येत नाहीये. तर मी तुझ्याशी बोलतोय, लक्षात ठेव. तिच्याशी नाही. तिच्या कानावर पडलं तर तो वाऱ्याचा दोष.

हसतोस काय? तुझी सुझाना पहिल्यांदा इथे आली होती तेव्हा तिनेसुद्धा विचारलं होतं, तुझ्या कानात, पण मी ऐकलं — ‘सासूबाईंचं आणि मामांचं वाजलंय का?’ शहरातली पोर, तिचा काय दोष. वाजलंय! अरे, आमच्यात एकदा जरी वाजलं असतं ना, तर निदान बोललो तरी असतो. ती माझी थोरली बहीण. ती वयात आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तिला वेगळ्या खोपटात बसवलं, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत, सत्तावन्न वर्षं, मी तिच्याशी समोरासमोर एक शब्द बोललेलो नाही. नाव घेतलेलं नाही. मान आहे तो. आपल्यातला माणूस खरं बोलतोय हे पटवायला कुणाची शपथ घेतो? आईची? देवाची? बहिणीची घेतो. ज्या माणसाची शपथ घ्यायची त्याला ‘काय गं, मीठ दे’ असं म्हणायचं का? तूच सांग. तुला बहीण नाही म्हणून तुला कळत नाही. बहीण नसलेल्या माणसाची जीभ फार सैल असते.

पण कामं तर होतातच ना. मी माझ्या कुत्र्याला सांगतो, ‘सार्जंट, पलीकडच्या घराचं छप्पर वाऱ्यात हलतंय, कुणीतरी दगड ठेवायला हवा.’ ती तिच्या कोंबड्यांना सांगते, ‘काही लोक तीन दिवस एकच सदरा घालतात, वास इथवर येतो.’ आमची आई गेली तेव्हा खड्ड्याच्या एका बाजूला मी, एका बाजूला ती, आणि मध्ये पाळक. बिचारा तरुण होता, कुठून तरी वर डोंगरातून आलेला. मी पाळकाला म्हणालो, ‘गाणं दुसरं घ्यायला हवं होतं, आईला ते आवडायचं नाही.’ तिने पाळकाला सांगितलं, ‘ज्यांना गाण्याची एवढी पडलीय त्यांनी काल येऊन सांगायचं होतं.’ तो पाळक एकदा इकडे बघतोय, एकदा तिकडे बघतोय, शेवटी त्याने पुस्तकच मिटलं. — बघ, हसली. गाडीतून आवाज आला ना? खोकली? बरं, खोकली म्हण.

तर मुद्दा काय होता? रामकी. मुद्दा मामा-भाच्याचा होता. बहिणीशी बोलायचं नाही, पण बहिणीच्या पोराने मामाच्या डोक्यावर बसायचं, ही आपली रीत. तुला खरंच कुणी शिकवलं नाही? चूक तुझ्या बापाची, त्याने तुला शाळेत घातलं ते घातलं, सुट्टीतसुद्धा पुस्तकं देऊन पाठवायचा. माझा मामा होता, मोठा रागीट माणूस, एक डोळा बारीक. त्याच्याकडे एक पांढऱ्या पायाचं गाढव होतं, स्वारीचं. त्या गाढवावर त्याचा बायकोपेक्षा जास्त जीव. मी सोळा वर्षांचा. एका सकाळी गेलो, त्याच्यासमोर दावं सोडलं, वर बसलो आणि निघालो. काय शिव्या दिल्या म्हणून सांगू! काठी घेऊन नदीपर्यंत माझ्या मागे. ‘चोर, दरोडेखोर, माझ्या बहिणीच्या पोटी लांडगा जन्मला!’ आणि नदीवर पोचल्यावर काय केलं? खाली बसला आणि हसत सुटला. डोळ्यांतून पाणी. घरी जाऊन साऱ्या वस्तीला सांगितलं, माझ्या भाच्याने मला लुटलं, माझा भाचा पुरुष झाला. आठवड्याने आमच्या वाड्यावर आला आणि माझी लंगडी शेळी खांद्यावर टाकून घेऊन गेला, कारण तो मामाचा हक्क. भाच्याने चांगलं उचलायचं, मामाने मोडकंतोडकं न्यायचं.

आणि तू? तू काय उचललंस आजवर माझ्याकडून? आठव. नऊ वर्षांचा असताना एक अंडं. एक अंडं, फिलेमोन! आणि ते खिशात फुटलं म्हणून रडत परत आलास माफी मागायला. मी त्या दिवशी चुलीमागे जाऊन बसलो. लोकांना काय सांगू, माझ्या भाच्याला मामाला लुटता येत नाही? बाकीच्यांचे भाचे मेंढे नेतात, खोगीर नेतात. कॉर्नेलिसच्या भाच्याने तर त्याचं पत्र्याचं दारच काढून नेलं, महिनाभर कॉर्नेलिस पोत्याचा पडदा लावून झोपत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून दाखवत होता. आणि मी? माझं दार जिथल्या तिथे. माझं खोगीर जिथल्या तिथे. लाज वाटते कधीकधी एवढं धड घर असल्याची.

चल, पुन्हा एकदा करू. झालं गेलं विसर. तू काही विचारलं नाहीस, मी काही ऐकलं नाही. मी असा तोंड फिरवून बसतो, डोंगराकडे बघतो. तू उठ, रामकी उचल, गाडीत टाक. मी ओरडेन, दोन-चार शिव्या देईन, आईवरून देणार नाही, काळजी करू नकोस. काठी घेऊन गाडीपर्यंत येईन. गाडीपर्यंत नाही, अलीकडे थांबेन. झालं. कर. ... करतोयस का? ... अरे, मला पावलांचा आवाज येत नाहीये.

काय? — ‘मामा, मग तुमच्याकडे काय उरेल?’ हे बघ. हे बघ, पुन्हा विचारलंस! लुटारू कधी विचारतो का, तुझ्याकडे काय उरेल? मला काय करायचीय ती? सत्तावन्न वर्षं वाजवली, पुरे झाली. — बोटं? बोटांना काही झालेलं नाही. ही बघ, पोरासारखी चालतात. काल संध्याकाळीच वाजवली, मांडीवर घेऊन बसलो तर सार्जंट पण गप्प झाला. — हो, आवडते. का नाही आवडणार? दुसरं आहे काय मला? बायको गेली, पोरगा खाणीवर, तो नाताळला येतो. संध्याकाळी ही मांडीवर असते म्हणून घरात कुणीतरी आहे असं वाटतं. पण म्हणून काय झालं? आवडत नसलेली वस्तू द्यायला काय अक्कल लागते? तुझी आई तिकडे राहायला चाललीय, तुझ्या त्या सिमेंटच्या घरात, दिवसभर धुकं आणि माशांचा वास, शेजारी कोण तर टीव्हीवर गाणी लावणारे. तिथे तिला आपल्या मुलखाचा एक सूर तरी नको कानावर पडायला? तू वाजवायला शीक. तुझी पोरगी शिकेल. भिंतीवर टांगलीस तरी चालेल, वाऱ्याने तारा वाजतात थोड्या. आणि तसंही ती चाल तिचीच आहे, तर—

काय म्हणालो? काही नाही म्हणालो. ‘चालतं तिला’, असं म्हणालो. गाडी चालते ना तुझी नीट? मागचं चाक बसल्यासारखं वाटतंय. बघून ये बरं. — नाही बसलं? बरं.

असा बघू नकोस माझ्याकडे. शाळेत पोरांकडे असाच बघत असशील, पेन्सिल कुणी घेतली म्हणून. बिचारी पोरं. बरं, म्हणालो. म्हणालो, चाल तिचीच आहे. कुठली काय विचारतोस? ‘नातनिएलची चाल’. दुसरी कुठली चाल आहे मला? नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत लग्न असो, मेंढ्यांची लोकर उतरवायची असो, चर्चच्या सभागृहात नाच असो, ती सुरू झाली की म्हाताऱ्या बायकासुद्धा काठ्या टाकून पाय आपटायला लागतात. तुझ्या लग्नात नाही का तुझी ती मोटरवाली चुलतसासू नाचली, तिचा बूट उडून सूपच्या भांड्यात? ‘नातनिएलची चाल’. म्हणजे माझी. नातनिएल म्हणजे मीच ना. आणि ती माझी नाही. झालं समाधान?

हळू बोलतोय मी. हे तिला ऐकू जाता कामा नये. — हे हळूच आहे! याच्यापेक्षा हळू मला येत नाही.

त्या खोपटात बसवलं होतं ना तिला, मघा म्हणालो ते. चटयांचं खोपट, तीन आठवडे. बाहेर यायचं नाही, पुरुषांनी जायचं नाही. आत ती आणि आमची आत्या. आणि तिचं ते धनुष्य. बाण सोडायचं नव्हे रे, वाजवायचं. एक तार, वेताच्या काडीने टुणटुण मारायची. बायका तसंच वाजवतात. आमचे आजोबा तेच धनुष्य घेऊन, तारेच्या टोकाला शहामृगाच्या पिसाची चिरफळी बांधून तोंडाने फुंकायचे, ते पुरुषांचं. फुंकायचं ते पुरुषांनी, काडी मारायची ती बायकांनी. एवढ्याशा लाकडात किती नियम बघ. तर मला करडं राखायला ठेवलेलं, खोपटाच्या मागच्या अंगाला. आणि आतून ती वाजवते. रोज तेच, रोज तेच. मी चटईला कान लावून बसायचो. करडं कुठेही जावोत. मला वाटायचं मी चोर आहे. मान असलेल्या बहिणीचं ऐकतोय, तेही लपून, तेही त्या तीन आठवड्यांत. आईला कळलं असतं तर चामडी लोळवली असती. पण जाववेना रे. तिला बोलवून विचारता येत नाही, ‘हे कसं वाजवलंस, परत वाजव’, म्हणून. मग मी काय केलं, एक डबा मिळवला, मासळीचा, फळी ठोकली आणि रामकी केली. रामकीला नियम नाही. रामकी कुणीही वाजवावी. आणि ती चाल त्यावर बसवली. पंधरा दिवस बोटं रक्ताळली होती.

मोठा झालो, नाचात वाजवायला लागलो, लोक म्हणायला लागले, ‘नातनिएलची ती चाल वाजव’. मी कधी म्हणालो नाही माझी आहे. माझी नाही असंही म्हणालो नाही. आणि संध्याकाळी इथे बसून वाजवायचो, तर पलीकडून, ओहोळाच्या त्या बाजूने, तिच्या घरातून — तेव्हा तू लहान होतास, तुला आठवत असेल — माझी चाल संपली की तिचं धनुष्य चार-दोन सूर काढायचं. रोज तेच चार-दोन सूर. मला वाटायचं, म्हणतेय, ‘झालं आता, जेव आणि झोप.’ एवढंच बोलणं आमचं. पण रोजचं होतं. बाकी कुठल्या बहीण-भावाचं रोज होतं, सांग?

मग तो रेडिओवाला आला. तेवीस वर्षं झाली. चांगला माणूस होता, चष्मा, मोठी पेटी आणलेली, तिच्यात आवाज भरून न्यायचा. सगळं भरलं, आणि मग ती काळी काठी माझ्या तोंडासमोर धरून विचारलं, ‘ही चाल कुणाची?’ सगळी वस्ती उभी होती. आणि मी म्हणालो, ‘माझी.’ एक शब्द. कुणी मारलं नव्हतं मला. दुसरं काही सुचलं नाही असंही नाही. बरं वाटलं म्हणायला. महिन्याभराने ते रेडिओवर लागलं, तिच्याच स्वयंपाकघरात शेजारणी जमल्या होत्या ऐकायला, कारण रेडिओ तिच्याकडेच होता. त्या संध्याकाळी मी वाजवली. संपली. पलीकडून काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तेवीस वर्षं, फिलेमोन. मी रोज वाजवतो, आणि संपल्यावर एवढा वेळ थांबतो, आणि काही नाही. मी कुत्र्यामार्फत काय सांगू? कोंबड्यांना काय सांगू? छप्पर हलतंय हे सांगता येतं. हे कसं सांगायचं? आणि आज तू गाडी घेऊन आलास, तिची खाट वर बांधलीयस, आणि मला वाटलं निदान रामकी तरी तिच्याबरोबर जाऊ दे. देता येत नाही, माझ्या हाताने तिला काही देता येत नाही. पण भाचा लुटून नेईल, आणि आईच्या घरात ठेवील, तर चोरीचा माल चोरीने परत जाईल. आणि तू बसलायस विचारत.

...

हाक मारतेय. तुला हाक मारतेय, जा. — जा ना! ऐकलं वाटतं. मी हळू बोलत होतो, तूच म्हणशील, तू साक्षीदार आहेस. जा, बघ काय म्हणतेय. रागावली असेल तर सगळं सांगू नकोस मला, थोडं मऊ करून सांग, मास्तर आहेस. आणि जर निघू या म्हणत असेल तर निघा. मी उठत नाही. माझा पाय बधिर झालाय.

सार्जंट, इकडे ये. बस. तू कुठे चाललास शेपूट हलवत? तुला कुणी बोलावलं नाही. बघ, फिलेमोन गाडीच्या खिडकीपाशी उभा राहिलाय, मान खाली घालून. किती वेळ बोलतेय ती. चार महिन्यांत एवढं बोलली नसेल. हात हलवतेय का? तूच बघ, मी तिकडे बघत नाही. मला बघायचं नाही. रागावली असेल तर रागावू दे, तिचा हक्क आहे. पण असं काही न बोलता जायची नाही, एवढं तरी झालं. एवढं तरी झालं, नाही का? कान खाजवू नकोस, मी तुझ्याशी बोलतोय.

आलास? काय म्हणाली? थांब, बसून सांग. नको, उभ्यानेच सांग, पटकन. — ‘त्याला सांग’ — हो, सांग की — ‘त्याला सांग, मी चटईला पाठ लावून वाजवत होते ती काय पाठ दुखत होती म्हणून?’ — असं म्हणाली? शब्दाला शब्द? परत सांग. ‘तीन आठवडे एकच चाल, ती पण इतकी सावकाश, कोण वाजवतं? मला काय दुसरी येत नव्हती?’ ... म्हणजे तिला ठाऊक होतं मी तिथे आहे. रोज ठाऊक होतं. म्हणजे मी चोरून ऐकत नव्हतो, ती मला — थांब जरा. थांब. पाणी दे ते. — बरं, नको देऊस, उभा राहा तसाच. पुढे? आणि रेडिओ? रेडिओचं काय म्हणाली?

‘माझी म्हणाला तर म्हणू दे, पोराने आईचं दूध माझं म्हटलं तर आई काय भांडायला जाते?’ — असं म्हणाली. आणि हसली? हसली नाही. मग? मग तेवीस वर्षं कशाचा राग? काय? शेवट? चालीचा शेवट? ‘शेवट चुकीचा वाजवतो.’ — चुकीचा! अरे, लोक त्या शेवटावर धूळ उडवतात! लग्नात तीन-तीनदा मागतात! चुकीचा म्हणे. ‘रोज संध्याकाळी मी पलीकडून बरोबर शेवट वाजवून दाखवत होते, आणि हा मठ्ठ ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपलंच घोडं दामटायचा. आणि मग रेडिओवर गेला. साऱ्या मुलखाने चुकीचा शेवट उचलला. आता कुणाकुणाला सुधारायला जाऊ? ठेवून दिलं धनुष्य.’

ते ‘जेव आणि झोप’ नव्हतं म्हणजे.

पण मी तर कान लावून — नाही. थांब. खरं आहे. शेवटच्या दिवशी कोल्हा आला होता. आतून वाजत होतं आणि करडं ओरडायला लागली, आणि मी दगड घेऊन पळालो टेकडीवर, परत आलो तोवर खोपटापुढे बायका जमलेल्या, तिला बाहेर काढत होत्या, नवे कपडे घालून. चाल तिने त्याच दिवशी पुरी केली असणार. शेवटाला मी नव्हतोच. मग मी आपला शेवट मनाने जोडला. मी साफ विसरलो होतो रे. इतकी वर्षं मला वाटतं, सगळं तिचं चोरलं. आणि शेवट तेवढा माझा होता, आणि तोच वाईट निघाला. हस. हस तू. मास्तर, मोठ्याने हस, माझी परवानगी आहे.

आणि रामकी? काय म्हणाली रामकीचं? ‘तिथेच राहू दे. शेवट बसवल्याशिवाय ती हलवायची नाही.’ बरं. बरं. तिचा शब्द. मग तुझं धुक्याआधी पोचायचं? ते राहिलं आता, उद्या जा. सुझाना काय म्हणायचं ते म्हणेल. — आणखी काय हवंय तिला? काथवट? आमची दुधाची लाकडी काथवट?

कशाला म्हणून काय विचारतोस, फिलेमोन, तुझीच आई आहे. धनुष्याचं एक टोक पालथ्या काथवटीवर ठेवून पायाने दाबायचं असतं, दुसरं खांद्याला, आणि हनुवटी तारेपाशी न्यायची. त्याशिवाय घुमत नाही. धनुष्य कुठेय तिचं? — गाडीतच? अंथरुणात गुंडाळलेलं? म्हणजे टाकून दिलं नव्हतं.

ती बघ, चुलीमागे आहे. दूध आहे तिच्यात सकाळचं. ओत. ओत रे, जमिनीवर ओत, सार्जंट चाटील. पुसून ने. तिला हात देऊन खाली उतरव, गाडीच्या सावलीत बसव, उशी घाल पाठीला. मी दाराकडे पाठ करून बसतो, रामकी घेतो मांडीवर. डोळे? धूर गेला असेल. — चूल विझलीय होय? मग रडतोय. त्यात काय एवढं बघायचं? जा आता. काथवट दे, आणि तू लांब जाऊन बस, त्या बाभळीपाशी. परत येऊन मला काय म्हणाली ते सांगू नकोस. आता मधे कुणी नको.